वहिनींच्या शेजारची सीट

माझे थोरले मेहुणे, म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे भाऊ, यांना घरात आणि घराबाहेर सगळे दादाच म्हणतात. त्यांनी सगळी नोकरी बस चालवण्यात काढली. निवृत्त झाल्यापासून ते पहिल्या मजल्यावरच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसतात. खालच्या गल्लीत कुणी गाडी मागे घ्यायला लागलं की वरून आवाज येतो, "येऊ द्या, येऊ द्या... डावीकडे जरा... बस." गल्लीतल्या लोकांनी आता आरशात बघणं सोडून दिलं आहे. वरून आवाज आल्याशिवाय ते गाडी हलवतच नाहीत. मध्यंतरी दादा तापाने आडवे झाले, तेव्हा गल्लीतल्या बऱ्याच गाड्यांना पोचे आले, असं वहिनी सांगतात.

असा माणूस दुसऱ्याच्या गाडीत बसवायचा म्हणजे संकट. मुलाच्या मोटारीत पुढे बसायला त्यांना बंदी आहे. ते तोंडाने काही बोलत नाहीत, पण वळण आलं की उजवा पाय आपोआप दाबला जातो. त्या सीटखालची मॅट एकाच जागी झिजून पातळ झालेली मी स्वतः पाहिली आहे. मुलगा म्हणतो, "बाबांनी पाय दाबला की मला वाटतं, माझंच काहीतरी चुकलं." मागे बसवावं तर दोन सीटच्या मधून मान पुढे काढून बसतात. चालत्या गाडीत त्यांना झोपलेलं आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, "दादा, इतकी वर्षं गाडी चालवलीत, कंटाळा नाही आला?" त्यावर ते म्हणाले, "जावईबापू, आत एक मोठा आरसा असतो बघा. घाट सुरू झाला की त्यात बघायचं. एकेकाची मान कलंडायला लागते. मग बरं वाटायचं. माणूस झोपला म्हणजे त्याने गाडी आपल्यावर सोडली." मग हसून म्हणाले, "फक्त ही कधी झोपली नाही. माझ्या मागच्या सीटवर बसून टक्क जागी."

वहिनी भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एकाने तरी जागं राहायला नको?"

वहिनींचा संसार त्या सीटवर गेला असं म्हटलं तरी चालेल. घरच्यांना पास असायचा. त्यामुळे माहेरी जायचं असो की कुणाच्या लग्नाला, शक्यतो दादांचीच बस धरायची. मांडीवर मूल, पायाशी पिशवी, समोर जाळी आणि जाळीपलीकडे दादांची मान. वर पाटी, चालकाशी बोलू नये. ती पाटी बायकोलाही लागू आहे असं दादांचं मत होतं. वहिनी म्हणतात, "मी यांचं तोंड कमी आणि मान जास्त पाहिलीय. मानेवरचा तीळ विचारा, डोळे मिटून काढून दाखवते. डोळ्यांचा रंग विचारला तर मात्र आठवावं लागेल."

म्हणून आम्ही चौघांनी परदेशाच्या सहलीला जायचं ठरवलं तेव्हा वहिनींनी एकच अट घातली. "मी येते. पण सगळ्या प्रवासात यांनी माझ्या शेजारी बसायचं. मी जे बघेन ते यांनीही बघायचं."

"बसतो की," दादा म्हणाले. "तिकडे मला गाडी कोण देणार आहे?"

विमानात ते बसले वहिनींच्या शेजारीच, पण त्यांना चैन नव्हतं. सारखं पुढच्या बंद दाराकडे बघत होते. "ड्रायव्हर दिसत नाही, रस्ता दिसत नाही. ही काय गाडी झाली?" म्हणाले. सगळं विमान घोरत होतं आणि हे ताठ बसून विमानाचा आवाज ऐकत होते. वहिनींनी खिडकीतून ढग दाखवले. दादा म्हणाले, "समोर असं काही दिसलं असतं तर मी गाडी बाजूला घेतली असती."

तिकडच्या पहिल्या शहरात उतरलो आणि आमची बस समोर आली. उंच, चकचकीत, काचा खालपर्यंत. बाकीचे सामान मोजत होते तेव्हा दादा बसला फेरी मारायला निघाले. रोज गाडी ताब्यात घेताना मारायचे तशीच, डाव्या चाकापासून सुरुवात, प्रत्येक टायरवर हाताची चापट. मागच्या चाकाशी वाकले तर पलीकडून आणखी एक माणूस वाकलेला. जाडजूड, टक्कल पडलेला, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा. तो बसचा ड्रायव्हर. तोही फेरीच मारत होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, एकाच टायरवर दोन चापट्या पडल्या आणि मैत्री झाली. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. त्यांचं काही अडलं नाही.

आमच्या सहलीची मॅडम तरुण आणि शिस्तीची होती. तिचा नियम असा की रोज सगळ्यांनी ओळीने मागच्या सीटवर सरकायचं, शेवटच्या रांगेतल्यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यात पुढे यायचं. म्हणजे पुढच्या सीटवरून भांडणं नकोत. नियम मला फार आवडला. आयुष्यभर हिशेबनीस म्हणून बसलेल्या माणसाला फिरत्या क्रमाइतकं सुंदर दुसरं काही दिसत नाही.

दादांनी तो नियम पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला. ड्रायव्हरच्या शेजारी मॅडमसाठी एक घडीची सीट होती. मॅडमला सतत फोन यायचे, ती बहुतेक वेळ मागे उभी राहून बोलायची. ड्रायव्हरने रिकाम्या सीटवर हात थोपटला, दादांकडे पाहून मान हलवली, आणि झालं. दादांनी जॅकेट काढलं, वहिनींच्या शेजारच्या सीटवर ठेवलं, "आलोच, जरा बघून येतो," म्हणाले आणि पुढे गेले ते मुक्कामालाच उठले.

पुढचे काही दिवस तेच. सकाळी दादा शहाण्या मुलासारखे वहिनींच्या शेजारी बसायचे. शहराबाहेर पडलो की चुळबुळ सुरू. मग जॅकेट सीटवर आणि स्वारी पुढे.

आम्ही मोठमोठे चौक पाहिले, पूल पाहिले, चित्रं लावलेली दालनं पाहिली. दादांनीही पाहिलं, पण त्यांचं पाहणं वेगळं. सगळे कारंज्याचे फोटो काढत असताना ते कोपऱ्यावर उभे राहून ट्राम वळण कशी घेते ते बघत होते. उंच मनोऱ्यावर चढलो तर वरून आमची बस कुठे लावली आहे ते शोधत बसले. हॉटेलात खोली नदीच्या बाजूला मिळाली तर वाहनतळाच्या बाजूची मागून घेतली. वहिनींनी पडदा सरकवला, खालच्या बसच्या टपाकडे पाहिलं आणि पडदा पुन्हा लावून घेतला.

मग मैदानं संपली आणि डोंगर सुरू झाले. हिरवी कुरणं, मधेच एखादं लाकडी घर, वरून पांढऱ्या दोरीसारखा लोंबणारा धबधबा. आम्ही वहिनींच्या पुढच्याच सीटवर होतो. मी मागे वळून पाहिलं. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या आणि शेजारच्या जॅकेटशी बोलत होत्या. "बघा, केवढं पाणी पडतंय. दिसलं का? नाही दिसलं? बरं." मग जॅकेटची कॉलर नीट करून म्हणाल्या, "हे पण ऐकतच नाही. पण निदान उठून तरी जात नाही."

माझी बायको आधी हसली. दुपारी जेवणाला थांबलो तेव्हा तिने भावाला गाठलं. "दादा, तुला काही वाटतं का रे? वहिनी जॅकेटशी बोलतेय."

"अगं, मी काय लांब आहे का? त्याच गाडीत आहे."

"इतकी वर्षं त्याच गाडीत होतास. तिला शेजारी हवा आहेस."

दादांनी बशीतला पाव मोडला. "मला मागे बसवत नाही गं. मागे बसलो की वाटतं, पुढे कुणी बघतच नाहीये." वहिनी पलीकडे बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं नसेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मोठा घाट होता. निघण्यापूर्वी मॅडमने सांगून टाकलं, "काका, आज पुढची सीट माझी. घाटात तपासणी असते. प्रत्येकाने आपापल्या सीटवर, पट्टा लावून." क्रमाने त्या दिवशी दादा-वहिनींची जागा अगदी शेवटच्या रांगेत आली होती. आम्ही त्यांच्याच पुढे. वहिनींनी जॅकेट उचलून मांडीवर घेतलं आणि सीट हाताने झटकली. दादा बसले. त्या दिवशी वहिनींचा चेहरा लग्नाला निघाल्यासारखा होता.

चढ छान पार पडला. माथ्यावर बर्फ होता, सगळ्यांनी तो हातात घेतला, एकमेकांना मारला. मग उतार सुरू झाला. वळणामागे वळण, खाली दरी, आणि बस लोण्यावरून सुरी फिरावी तशी खाली चाललेली. इंजिनाचा आवाज नाही, ब्रेकचा सुसकारा नाही. वहिनी म्हणाल्या, "अहो, ते बघा, खाली गाव. काडेपेटीएवढं."

दादांनी गाव पाहिलं नाही. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. मला म्हणाले, "जावईबापू, गाडी गिअरमध्ये नाहीये."

"म्हणजे?"

"न्यूट्रलला सोडलीय त्याने. डिझेल वाचवायला. उतारावर गिअर खाली घेतला तर गाडी गुरगुरते, ही बघा, हूं नाही की चूं नाही. आता ब्रेक तापले की संपलं."

मी काही म्हणायच्या आत त्यांनी पट्टा सोडला. वहिनींनी बाही धरली, ती निसटली. सीटच्या पाठी धरत धरत ते थेट पुढे पोचले आणि ड्रायव्हरच्या कानाशी आपल्या भाषेत ओरडले, "गिअरमध्ये घ्या. गिअर." हाताने गिअर टाकून दाखवत होते. मॅडम दचकली. मधल्या रांगेतल्या एका बाईंनी "काय झालं, ब्रेक गेला का?" असं विचारलं आणि हा प्रश्न मागे पोचेपर्यंत त्याचं उत्तर झालं होतं. कुणी देवाचं नाव घेऊ लागलं, कुणी नवऱ्याचा हात धरला. आमच्या सहलीत एक कापडदुकानवाले होते, ते पट्टा आवळून डोळे मिटून बसले.

ड्रायव्हर मात्र शांत होता. त्याने एक हात वर करून थांबा असं सांगितलं आणि पुढच्या वळणावरच्या मोकळ्या जागेत बस अलगद उभी केली. इतकी अलगद, की कपातला चहा हिंदकळला नसता.

मॅडमने त्याला सगळं समजावून सांगितलं. तो रागावला नाही. उठला आणि दादांना स्वतःच्या खुर्चीवर बसायची खूण केली. किती दिवसांनी दादा त्या जागी बसत होते. पण हात मांडीवरच ठेवून, परक्याच्या घरी बसावं तसे. स्टिअरिंगच्या बाजूला बोटाएवढी एक दांडी होती. ड्रायव्हरने ती एक खटका खाली ओढली आणि हाताने हळू असं दाखवलं. आणखी एक खटका, आणखी हळू. मग ब्रेकच्या पायाकडे बोट करून ते नाही नाही असं हलवलं. मॅडम म्हणाली, "काका, उतारावर ही दांडीच गाडी धरून ठेवते. ब्रेक लागतच नाही. नव्या गाड्यांत असतं हे." तिने त्या दांडीचं नावही सांगितलं होतं, ते माझ्या लक्षात राहिलं नाही.

दादांनी दांडी खालीवर करून पाहिली. मग खुर्चीवरून उतरले, ड्रायव्हरपुढे हात जोडले आणि मागे वळून सगळ्या बसला म्हणाले, "माफ करा. चूक माझी. गाडी माझ्यापेक्षा शहाणी आहे."

कापडदुकानवाले डोळे उघडून म्हणाले, "काका, तुम्ही सुट्टीवर आलाय की ड्युटीवर?" लोक हसले. वाईट हसले नाहीत, सुटल्यासारखे हसले. पण दादा मागे येऊन बसले ते मान खाली घालून. मुक्कामापर्यंत त्यांनी रस्त्याकडे पाहिलं नाही आणि खिडकीकडेही नाही.

पुढचा दिवस सहलीचा शेवटचा. ज्याच्यासाठी लोक मुद्दाम तिकडे जातात तो डोंगरातला तलाव बसमधून बघायचा होता. नाश्त्याला दादा आलेच नाहीत. मी आणि बायको त्यांच्या खोलीवर गेलो. खोली लहान होती, दोन पलंग चिकटवून एक केलेला, खिडकी वीतभर उघडणारी. दादा पलंगाच्या कडेवर सदरा घालून, बूट न घालता बसले होते. वहिनी किटलीत पाणी तापवत होत्या.

"तुम्ही जाऊन या," दादा म्हणाले. "मी खोलीवर थांबतो. कालचं सगळ्यांच्या डोळ्यांत आहे. मी गाडीत असलो की लोकांना घोर."

"काही घोर नाही," मी म्हणालो. "नाश्त्याला सगळे तुमची चौकशी करत होते."

"चौकशी करणारच. नवीन काय केलं म्हणून."

वहिनींनी कपात चहा ओतला, एक दादांना दिला आणि दुसरा घेऊन त्यांच्या शेजारी पलंगावर बसल्या. "भावोजी, तुम्ही दोघं निघा. मीपण इथेच बसते."

"तू का बसतेस? तलाव बघायचा होता ना तुला?" दादा म्हणाले.

"मला शेजारी बसायचं होतं. गाडीत काय नि खोलीत काय. इथे निदान तुम्ही उठून जाणार नाही. बूटही घातलेले नाहीत."

दादांनी चहाचे दोन घोट घेतले. खाली बसचा हॉर्न वाजला, छोटासा. दादांनी कान टवकारले. मग वाकले आणि बूट ओढले. नाडी बांधता बांधता मला म्हणाले, "आज क्रमाने आमची सीट कुठली येते?"

"सगळ्यात पुढची," मी म्हणालो. "शेवटच्यांनी पुढे यायचं. नियमच आहे."

हे ऐकून माझ्या बायकोने कपाळाला हात लावला. ड्रायव्हरच्या पाठची, मोठ्या काचेसमोरची जागा, आणि तीही हक्काची. आता वहिनी शेजारी बसल्या काय आणि नसल्या काय.

बसपाशी पोचलो तेव्हा ड्रायव्हर फेरी मारत होता. दादा त्याच्याबरोबर दोन चाकं चालले, टायरला चापट मारली नाही. मग बसमध्ये चढले, पुढच्या सीटपाशी उभे राहिले आणि मला म्हणाले, "जावईबापू, आज तुम्ही दोघं इथे बसा. तुमची जागा आम्हाला द्या."

"अहो, ही तर—"

"मला रस्ता दिसायला नको."

क्रम मोडायचा म्हणजे माझ्या जिवावर येतं, पण मी पिशवी पुढच्या सीटवर ठेवली. आमची जागा त्या दिवशी सगळ्यात मागे आली होती. दादा-वहिनी मागे जाऊन बसले. वहिनी खिडकीशी, दादा शेजारी. जॅकेट वरच्या फळीवर गेलं.

बस निघाली. समोरची काच म्हणजे सिनेमाचा पडदाच. माझी बायको बाहेर बघत नव्हती, सारखी वळून मागे बघत होती. पण मधल्या सीट उंच, तिला काही दिसेना. "उठला नाही ना अजून?" ती दर वळणाला विचारत होती. "आला का पुढे?" कुणीच आलं नाही.

तलाव जवळ आला तसा रस्ता पाण्याच्या कडेने जाऊ लागला. मॅडमने माइक हातात घेतला. तेवढ्यात ड्रायव्हरने बोटाने तिला थांबवलं आणि डोक्यावरच्या मोठ्या आरशाकडे अंगठा केला. तिने पाहिलं. मग त्याने माझ्याकडे पाहून तोच अंगठा केला. मी जरा उठून आरशात पाहिलं.

अगदी शेवटच्या रांगेत दादांची मान कलंडली होती. वहिनींच्या खांद्यावर डोकं, तोंड किंचित उघडं, दोन्ही पाय सैल सोडलेले. वहिनी हललेल्या नव्हत्या. आरशातून त्यांची नजर माझ्या नजरेला भेटली असावी, कारण त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मॅडमने माइक खाली ठेवला आणि दोन रांगांना ऐकू जाईल इतक्याच आवाजात तलावाची माहिती सांगितली. बाकीच्यांनी ती पुढून मागे पोचवली. कापडदुकानवाले, ज्यांना हळू बोलता येत नाही अशी माझी समजूत होती, तेसुद्धा कुजबुजत होते. ड्रायव्हरने ती वळणं कशी घेतली हे मला सांगता येणार नाही. मला वळण आल्याचं फक्त डोळ्यांना कळत होतं.

बस थांबल्यावर दादा जागे झाले. तोवर तलाव मागे राहिला होता, आम्ही चहाच्या ठिकाणी आलो होतो. मी आणि बायको मागे गेलो तेव्हा ते डोळे चोळत खिडकीतून वाहनतळ बघत होते.

"तलाव आला का?"

"गेला," वहिनी म्हणाल्या. त्या खांदा दाबत होत्या.

"अगं, मग उठवायचं नाही का?"

"उठवलं असतं तर पुढे जाऊन बसला असतात."

दादांनी आमच्याकडे पाहिलं. "मी झोपलो होतो?"

"घोरत होतास," बहीण म्हणाली.

"चालत्या गाडीत?"

"चालत्या गाडीत. वळणावर."

दादा सावरून बसले. मग ड्रायव्हरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाले, "चांगला चालवतो हो." आणि वहिनींकडे वळले. "बरं, कसा होता तलाव?"

बाकीचे उतरून चहाला गेले. आम्ही दाराशी उभे होतो. वहिनी सांगू लागल्या. पाणी हिरवं म्हणावं तर हिरवं नाही, निळं म्हणावं तर निळं नाही. डोंगर त्यात उलटा उभा. मधे एक बेट, बेटावर एकच झाड. आणि एक लाल शिडाची होडी, तिच्यात एक म्हातारा नि एक कुत्रा.

"होडी?" माझी बायको माझ्या कानात म्हणाली. "होडी कुठे होती? मला तर दिसली नाही."

"मलाही नाही," मी म्हणालो.

"कुत्रा कसला होता?" आत दादा विचारत होते. ते सीटवर पुरते वळून बसले होते, रस्त्याकडे पाठ करून, आणि वहिनींच्या तोंडाकडे बघत होते.

"तपकिरी," वहिनी म्हणाल्या. "कान लोंबणारे. थांबा, सगळं सांगते."